हवामान परिषदेचे यजमान आणि त्यांचे तुरुंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद, म्हणजेच ‘कॉप’, दरवर्षी वेगळ्या देशात भरते. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं ती इजिप्त, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान या देशांत झाली. या तिन्ही ठिकाणी सरकारविरोधात मोर्चा काढणं म्हणजे तुरुंगाची वाट धरणं. हा विषय नोव्हेंबरात दोन आठवडे गाजतो आणि डिसेंबर उजाडता उजाडता विरून जातो. पुन:पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

परिषद कार्बनवर बोलायला भरते. तिथे तुरुंगांचा विषय कशाला काढायचा?

कारण कार्बनचे आकडे कुणीतरी तपासावे लागतात. सरकार म्हणालं की आमच्या वायुवाहिन्यांतून गळती होत नाही, आमच्या खाणीचं पाणी नदीत जात नाही, तर ते खरं की खोटं हे कोण सांगणार? तिथला पत्रकार, तिथले गावकरी, हिशेब वाचता येणारा एखादा अर्थतज्ज्ञ, दोन खोल्यांत चालणारी एखादी संस्था. ही माणसं गजाआड गेली की सरकारचा अहवाल हाच एकमेव पुरावा उरतो, आणि परिषदेत तोच टेबलावर येतो.

जून २०२३ मध्ये पश्चिम अझरबैजानमधल्या सोयुद्लू गावात लोक रस्त्यावर उतरले. सोन्याच्या खाणीतला विषारी गाळ साठवायला आणखी एक तलाव खोदणार अशी बातमी होती. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, वयस्क बायकाही त्यातून सुटल्या नाहीत. मग गावाच्या वाटा अडवून बाहेरच्यांना आत जाणं बंद केलं. पर्यावरणाचा प्रश्न आणि नागरी हक्कांचा प्रश्न वेगळे काढून दाखवा म्हटलं, तर या गावात ते कुणालाही जमणार नाही. सहाच महिन्यांनी त्या देशाला हवामान परिषदेचं यजमानपद मिळालं.

कागदावरही हा संबंध मान्य झालेला आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत मानवी हक्कांचा उल्लेख आहे. जुलै २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ आणि निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचा ठराव १६१ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. आठ देश तटस्थ राहिले.

यजमान देश ठरवतं कोण?

संयुक्त राष्ट्रांत देशांचे पाच प्रादेशिक गट आहेत: आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन, आणि पश्चिम युरोप व इतर. यजमानपदाची पाळी या गटांमधून फिरते आणि ज्याची पाळी तो गट एकमताने नाव ठरवतो. एकमत म्हटलं की एका देशाचा नकारही पुरेसा होतो.

२०२४ चं यजमानपद पूर्व युरोप गटाकडे होतं. युक्रेन युद्धामुळे रशियाने युरोपीय संघातला एकही देश चालणार नाही असं सांगितलं. उरलेल्यांत अर्मेनिया आणि अझरबैजान एकमेकांचं नाव अडवून बसले होते. डिसेंबर २०२३ मध्ये या दोघांत कैद्यांच्या अदलाबदलीचा समझोता झाला. त्याचाच भाग म्हणून अर्मेनियाने विरोध सोडला आणि अझरबैजानची राजधानी बाकू हिचं नाव पक्कं झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात अझरबैजानने नागोर्नो-काराबाख हा अर्मेनियन वस्तीचा प्रदेश लष्करी कारवाई करून ताब्यात घेतला होता आणि एक लाखाहून अधिक अर्मेनियन लोक घरदार सोडून पळाले होते. थोडक्यात, निवडीच्या वेळी कैद्यांचा विषय निघाला खरा, पण सौद्यातली एक बाब म्हणून.

कुणीच पुढे आलं नाही किंवा ऐनवेळी कुणी माघार घेतली, तर परिषद जर्मनीतल्या बॉनला भरते, कारण हवामान कराराचं सचिवालय तिथे आहे. ती वेळ सहसा येत नाही, कुणीतरी धावून येतं. २०१९ ची परिषद आधी ब्राझीलमध्ये ठरली होती. राष्ट्राध्यक्षपदी बोल्सोनारो निवडून आल्यावर ब्राझीलने अंग काढून घेतलं. चिलीने जबाबदारी घेतली, तर ऑक्टोबर २०१९ मध्ये सँतियागोत मेट्रोच्या भाडेवाढीवरून उसळलेलं आंदोलन देशभर पसरलं आणि चिलीनेही हात वर केले. शेवटी परिषद माद्रिदला झाली.

मग ‘राजकीय कैदी असलेल्या देशाला यजमानपद नाही’ असा नियम का करत नाहीत?

नियम करायचा तर तोही सर्व देशांच्या सहमतीने, आणि त्यातल्या कितीतरी देशांना तो स्वतःलाच लागू होईल. सचिवालयाला यजमान नाकारण्याचा अधिकार नाही. त्यामुळे मानवी हक्क संघटनांनी आपली मागणी लहान ठेवली आहे: यजमान देश आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात होणारा करार आधी जाहीर करा, आणि प्रतिनिधींना जे संरक्षण मिळतं ते स्थानिक कार्यकर्त्यांनाही द्या. तेवढंही दर वर्षी भांडून मागावं लागतं.

ब्लू झोन म्हणजे काय? तिथे यजमान देशाचा कायदा चालत नाही हे खरं आहे का?

परिषदेच्या जागेचे दोन भाग असतात. वाटाघाटी जिथे चालतात तो ब्लू झोन. तो परिषदेच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात असतो, आतली सुरक्षाही त्यांचीच. ग्रीन झोन यजमान देश चालवतो, तिथे प्रदर्शनं, मंडप, सरकारी योजनांचे देखावे असतात.

ब्लू झोनमध्ये निदर्शनांना परवानगी मिळते, पण आधी अर्ज करून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. कुठल्या देशाचं किंवा नेत्याचं नाव घेऊन घोषणा दिलेल्या चालत नाहीत. ९ डिसेंबर २०२३ ला दुबईत कार्यकर्ते कैद्यांसाठी उभे राहिले. त्यांनी फलकांवरचा मजकूर आधीच खोडला होता. तरीही सुरू व्हायला काही मिनिटं उरली असताना संयुक्त राष्ट्रांकडून निरोप आला आणि कैद्यांची नावं दिसू नयेत म्हणून फलक दुमडावे लागले. अमिरातीत ते निदर्शन होऊ शकलं हीच नवलाई, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला त्या दुमडलेल्या कागदाचंच जास्त वाटतं.

त्याच परिषदेत तेल, वायू आणि कोळसा उद्योगाशी जोडलेल्या किमान २,४५६ लोकांना प्रवेश मिळाला होता, अशी मोजणी कार्यकर्त्यांच्या एका आघाडीने केली. त्यांना काही दुमडावं लागल्याचं ऐकिवात नाही.

शर्म अल-शेखमध्ये नेमकं काय झालं होतं?

नोव्हेंबर २०२२. इजिप्तने परिषदेसाठी कैरो निवडलं नाही. सिनाईच्या टोकावरचं पर्यटनाचं गाव निवडलं, जिथे पोहोचायचं तर वाटेत तपासनाकी आणि राहायचं तर महागडी हॉटेलं. इजिप्तमध्ये २०१३ च्या कायद्यापासून विनापरवाना मोर्चा हा गुन्हा आहे. तिथल्या राजकीय कैद्यांची संख्या ६०,००० च्या घरात असावी असा मानवी हक्क संघटनांचा अंदाज आहे, सरकार तो नाकारतं. ११ नोव्हेंबरला निदर्शनं करा असं आवाहन समाजमाध्यमांवर फिरलं, तर परिषदेच्या आधीच्या आठवड्यांत देशभरात शेकडो लोकांना उचललं.

केरळचे अजित राजगोपाल हे वास्तुविशारद कैरोहून शर्म अल-शेखला चालत निघाले होते. पर्यावरणासाठी पदयात्रा, बरोबर कुणी नाही, हातात फलक. निघाल्यावर थोड्याच वेळात पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. सोडवायला आलेल्या मित्र-वकिलालाही आत बसवलं. दुसऱ्या दिवशी दोघे सुटले. एकट्याने चालत जाणाऱ्या माणसाचीही जिथे पोलिसांना धास्ती वाटते, तिथे ‘निदर्शनांसाठी स्वतंत्र जागा राखून ठेवली आहे’ या आश्वासनाचं वजन किती, हे त्या एका दिवसाने दाखवून दिलं.

पण ती परिषद ओळखली गेली ती अला अब्देल फत्ताह यांच्या नावाने. २०११ च्या तहरीर चौकातल्या क्रांतीचा हा एक ठळक चेहरा, पेशाने प्रोग्रॅमर. तुरुंगातल्या छळाबद्दलची फेसबुक पोस्ट पुढे पाठवल्याबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, आरोप ‘खोट्या बातम्या पसरवणं’. एप्रिल २०२२ पासून ते उपोषणावर होते. ६ नोव्हेंबरला परिषदेचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी त्यांनी पाणीही सोडलं. त्यांची बहीण सना सैफ परिषदेत पोहोचली. तिच्या पत्रकार परिषदेत इजिप्तच्या संसदेचा एक सदस्य उठून तिच्यावर ओरडू लागला आणि सुरक्षा रक्षकांनी त्याला बाहेर काढलं. ब्लू झोनबाहेर नेमकं उलटं झालं असतं.

अला यांची सुटका परिषदेमुळे झाली का?

नाही. त्या दोन आठवड्यांत ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीच्या नेत्यांनी राष्ट्राध्यक्ष सिसींकडे विषय काढला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी सुटकेची जाहीर मागणी केली. तुरुंगात कोसळल्यावर अला यांनी उपोषण सोडलं. परिषद संपली, विमानं उडाली, ते आतच. पुढे त्यांच्या आईने, लैला सुएफ यांनी, सप्टेंबर २०२४ पासून नऊ महिन्यांहून अधिक काळ उपोषण केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली तेव्हा ते बाहेर आले. परिषदेने त्यांचं नाव जगभर नेलं एवढं खरं, आणि ते थोडंथोडकं नव्हे. पण दार उघडायला आणखी जवळजवळ तीन वर्षं गेली.

दुबईत तर सगळं शांततेत पार पडलं ना?

वरवर हो. तेल कंपनीचे प्रमुख सुलतान अल जाबेर हेच परिषदेचे अध्यक्ष, यावर बातम्यांचा सगळा वेळ गेला. जीवाश्म इंधनापासून दूर जाण्याचा उल्लेख पहिल्यांदाच अंतिम मजकुरात आला, ते श्रेय त्या परिषदेचं आहेच.

मात्र परिषद चालू असतानाच, डिसेंबर २०२३ मध्ये, अबुधाबीत एक नवा सामूहिक खटला उभा राहिला. आरोपी किमान ८४. त्यातले बरेच २०१३ च्या अशाच सामूहिक खटल्यात शिक्षा झालेले, आणि काहींची शिक्षा भोगून संपलेलीसुद्धा, तरी ते आतच होते. जुलै २०२४ मध्ये ४३ जणांना जन्मठेप झाली. जगाच्या सगळ्या वाहिन्या शंभर-सव्वाशे किलोमीटरवर मुक्कामाला असताना खटला सुरू करायचा, याला बेफिकिरी म्हणायचं की आत्मविश्वास?

त्या आरोपींत मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर होते. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्या आयफोनवर एक संदेश आला: दुव्यावर टिचकी मारा, कैद्यांच्या छळाची माहिती मिळेल. त्यांनी टिचकी न मारता तो संदेश कॅनडातल्या संशोधकांकडे पाठवला. त्यातून पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर उघडकीला आलं आणि अॅपलला जगभरातल्या फोनसाठी तातडीने दुरुस्ती काढावी लागली. तुमच्या खिशात आयफोन असेल तर या माणसाचे थोडे उपकार तुमच्यावरही आहेत. मार्च २०१७ मध्ये त्यांना अटक झाली, दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि नव्या खटल्यात आणखी पंधरा.

आखातात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०१२ ची परिषद कतारमध्ये दोहाला भरली होती. ती चालू असताना, २९ नोव्हेंबरला, तिथल्या न्यायालयाने मोहम्मद अल-अजामी या कवीला एका कवितेवरून जन्मठेप दिली. नंतर ती पंधरा वर्षांवर आली आणि मार्च २०१६ मध्ये माफी मिळाली.

अझरबैजानबद्दल एवढं का बोललं जातं? तो तर छोटा देश आहे.

कारण तिथे अटकांच्या तारखा परिषदेच्या तारखांशी जोडून वाचता येतात. नोव्हेंबर २०२३: सत्ताधाऱ्यांचे आर्थिक व्यवहार खणून काढणाऱ्या अब्झास मीडियाच्या पत्रकारांची धरपकड सुरू. डिसेंबर: यजमानपद जाहीर. एप्रिल २०२४: निवडणूक निरीक्षणातले जुने कार्यकर्ते अनार मम्मदली यांना अटक. हवामान न्यायासाठी एक गट उभारण्यात त्यांचा पुढाकार होता, म्हणजे परिषदेच्या दारात जे लोक असायला हवेत त्यांतलेच ते. नोव्हेंबर: परिषद. ती लांबत २४ तारखेच्या पहाटे संपली. ३ डिसेंबरला मानवी हक्क कार्यकर्ते रुफत सफारोव यांना अटक, ६ डिसेंबरला मेदान टीव्ही या स्वतंत्र वृत्तमाध्यमाचे पत्रकार आत. जून २०२५ मध्ये अब्झासच्या पत्रकारांना साडेसात ते नऊ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या.

तेलाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडणारे अर्थतज्ज्ञ गुबाद इबादोग्लू जुलै २०२३ पासून तुरुंगात होते, २०२४ च्या एप्रिलात त्यांना नजरकैदेत हलवलं. ज्या देशाच्या निर्यातीचा बहुतेक भाग तेल आणि वायूचा, तिथे असा अर्थतज्ज्ञ गप्प करणं म्हणजे परिषदेच्या मुख्य विषयालाच कुलूप घालणं. राष्ट्राध्यक्ष अलीयेव यांनी तर उद्घाटनाच्या दिवसांत तेल-वायू ही देवाची देणगी असल्याचं व्यासपीठावरून सांगितलं.

देशाच्या जमिनीवरच्या सीमा कोविडच्या नावाखाली २०२० पासून बंदच होत्या. रेल्वेने किंवा रस्त्याने येणाऱ्यांना वाट नव्हती. ग्रेटा थुनबर्गने शेजारच्या जॉर्जियात, तिबिलिसीत, निदर्शनं केली.

पाश्चात्त्य देश यजमान असले की हा प्रश्न उरत नाही, असं समजायचं का?

अजिबात नाही. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या मोर्चात एकाच दिवशी जवळपास हजार लोकांना पकडून थंड रस्त्यावर रांगेत बसवलं होतं. पुढे डेन्मार्कच्याच न्यायालयाने ती धरपकड बेकायदा ठरवली. पॅरिसला २०१५ मध्ये दहशतवादी हल्ल्यानंतर आणीबाणी लागली, मोर्च्यांवर बंदी आली आणि २४ पर्यावरण कार्यकर्त्यांना घरात स्थानबद्ध केलं. लोकांनी मग चौकात आपले बूट-चपला मांडून ठेवल्या. पोप फ्रान्सिस यांच्याकडूनही एक जोड आला होता. पोलंडने २०१८ च्या कातोवित्सा परिषदेसाठी खास कायदा करून शहरात उत्स्फूर्त सभांवर बंदी घातली आणि पोलिसांना प्रतिनिधींची माहिती गोळा करायची मुभा दिली.

ब्रिटनने २०२१ मध्ये ग्लासगोत परिषद भरवली. पुढच्या दोन वर्षांत निदर्शनांवर निर्बंध आणणारे दोन कायदे केले, आणि जुलै २०२४ मध्ये महामार्ग अडवण्याचं नियोजन केल्याबद्दल हवामान कार्यकर्त्यांना चार-पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. अपिलात त्यांतल्या काही कमी झाल्या.

तरी दोन्ही तराजूत सारखंच वजन आहे असं म्हणणं प्रामाणिक ठरणार नाही. कोपनहेगनच्या लोकांना न्यायालयात जाता आलं आणि पोलिसांविरुद्ध जिंकता आलं. अबुधाबीत ते शक्य नाही.

अशा परिषदांवर बहिष्कार का घालत नाहीत?

काहींनी घातला. पण समुद्र ज्यांच्या अंगणात शिरतोय त्या बेटांना टेबल सोडून चालत नाही. लहान देशाचं आणि मोठ्या देशाचं मत सारखंच धरलं जाईल अशी हवामानाच्या वाटाघाटींची दुसरी जागाच नाही. शिवाय कैद्यांच्या घरच्यांपैकी अनेकांचं म्हणणं ‘येऊ नका’ असं नव्हतं. त्यांना हवं होतं की पाहुण्यांनी यावं आणि आल्यावर बोलावं. सना सैफ स्वतः गेली, ती उगाच नाही.

बेलेंमध्ये चित्र बदललं का?

बऱ्याच अंशी. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलें शहरात हजारो लोक मोकळ्या रस्त्यावरून चालले. ग्लासगोनंतर परिषदेच्या गावात असा मोठा मोर्चा पहिल्यांदाच निघाला. आदिवासी गट ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी थेट प्रवेशद्वारातून आत घुसले आणि सुरक्षा रक्षकांशी झटापट झाली. मुंडुरुकू या आदिवासी लोकांनी काही दिवसांनी दार अडवून धरलं. आधीच्या त्या झटापटीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या हवामान प्रमुखांनी यजमानांना सुरक्षेबद्दल तक्रारीचं पत्र लिहिलं, तर मानवी हक्क संघटना त्या पत्रावरच चिडल्या. इतर वर्षी तक्रार असायची बंदोबस्त फार असल्याची.

पण ब्राझीलमध्ये धोका तुरुंगाचा कमी आणि बंदुकीचा जास्त. बेलें ही पारा राज्याची राजधानी, आणि याच राज्यातल्या अनापू इथे फेब्रुवारी २००५ मध्ये जंगल आणि लहान शेतकऱ्यांसाठी झगडणाऱ्या डोरोथी स्टँग या ७३ वर्षांच्या ननला जमीनमालकांच्या मारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. जून २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या जावारी खोऱ्यात आदिवासींसाठी काम करणारे ब्रूनो परेरा आणि पत्रकार डॉम फिलिप्स मारले गेले. इथे दडपशाहीला गणवेश लागत नाही.

पुढच्या परिषदा कुठे आहेत?

२०२६ ची तुर्कस्तानात, अंताल्याला. वाटाघाटींची सूत्रं मात्र ऑस्ट्रेलियाकडे, अशी तडजोड झाली. तुर्कस्तानात २०१३ चं गेझी पार्क आंदोलन इस्तंबूलमधली झाडं वाचवण्यावरून सुरू झालं होतं. त्याच आंदोलनाच्या खटल्यात उद्योजक आणि नागरी कार्यकर्ते उस्मान कवाला यांना एप्रिल २०२२ मध्ये जन्मठेप झाली. मार्च २०२५ मध्ये इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोग्लू यांना अटक झाली. २०२७ साठी इथिओपियाचं आदिस अबाबा ठरलं आहे. तिथल्या सरकारने तिग्रेच्या युद्धात अख्ख्या प्रांताचा फोन-इंटरनेट दीर्घकाळ तोडला होता.

मी प्रतिनिधी किंवा पत्रकार म्हणून जाणार आहे. काय लक्षात ठेवू?

तुमच्या गळ्यातला बिल्ला तुम्हाला वाचवेल, तुमच्याशी बोललेल्या माणसाला नाही. म्हणून स्थानिक कार्यकर्त्याला भेटायची जागा आणि वेळ त्यालाच ठरवू द्या. फोटो, नाव, आवाज यांतलं काय वापरायचं ते आधी विचारा, आणि परिषद संपल्यावर छापण्यापूर्वी पुन्हा विचारा, कारण तोवर परिस्थिती बदललेली असू शकते. रोजचा फोन घरी ठेवा, साधा दुसरा न्या. यजमान सरकारचं अधिकृत अॅप त्यातही टाकू नका. इजिप्तच्या अॅपने फोनमध्ये जे जे बघण्याची परवानगी मागितली होती त्यावरून सुरक्षा तज्ज्ञांनी तेव्हाच इशारा दिला होता. टॅक्सीत राजकारण बोलू नका, तुम्ही उतरून जाल, चालक तिथेच राहणार आहे.

आणि डायरीत परतीच्या विमानाच्या तारखेपुढे दोन महिन्यांनंतरची एक तारीख लिहून ठेवा. ज्यांना भेटलात त्यांना त्या दिवशी फोन करा.